हिरवा दिवा आणि बावीस अंडी

“बाविसाव्याचं नाव मी ठेवणार!” सोनूनं जाहीर करून टाकलं.

“एकवीस तूच ठेवलीस ना? एक तरी मला दे की!” तिचा मोठा भाऊ समर्थ कळवळून म्हणाला.

“नाही म्हणजे नाही! तू ‘स्क्रू’ नाहीतर ‘वायर’ असलं काहीतरी ठेवशील. पिल्लू जन्मभर लाजेल!”

रिद्धी खुदकन हसली. बदलापुरातल्या बेलवलीच्या फ्लॅटमधून ती दर मे महिन्यात चामटोली गावात कमळाकरकाकांकडे राहायला यायची. समर्थ आणि सोनू ही काकांची मुलं. समर्थ तेरा वर्षांचा, रिद्धी बारा आणि सोनू आठ. पण आवाजाच्या हिशेबानं रांग लावली तर सोनू पहिली! यंदा मात्र तिघांना आंबे पाडायचंही सुचत नव्हतं. सगळा मुक्काम काकांच्या शेडमध्ये, एका पांढऱ्या पेटीभोवती.

ही पेटी मूळची थर्माकोलची, मासळीच्या बर्फाची. समर्थनं तिला काचेची खिडकी बसवली होती, आत दोन बारके दिवे, एक इवलासा पंखा आणि ऊब सांभाळणारं छोटं यंत्र लावलं होतं. सगळं शेडमधल्या सोलरच्या बॅटरीवर चालायचं. आत साडेसदतीस अंश राहिले पाहिजेत, जास्त नाही आणि कमीही नाही. त्या उबेत ठेवली होती बनूआजीची बावीस अंडी.

बनूआजी म्हणजे काकांची आत्या. शेजारच्या घरात एकटीच राहायची. लग्न होऊन गावातल्या गावातच या घरात आली तेव्हा तिच्या आईनं तिला पाटीत घालून एक काळी कोंबडी दिली होती. तिची पिल्लं, त्या पिल्लांची पिल्लं अशी पन्नास वर्षं ती काळी जात आजीच्या अंगणात नांदली. आणि तीन आठवड्यांपूर्वी खुराड्यात रानमांजर शिरलं! सात कोंबड्या आणि कोंबडा, एकही वाचलं नाही. उरली ती फक्त तांदळाच्या डब्यात जपून ठेवलेली अंडी. उबवायला कोंबडीच नाही, म्हणून ही पेटी. पिल्लं निघाली नाहीत, तर आजीच्या आईची कोंबडी कायमची संपली. तेव्हा तिघांचा जीव त्या पेटीत अडकला होता यात काही नवल नाही.

“आज मंगळवार. शुक्रवारी एकवीस दिवस भरतात,” रिद्धी बोटं मोजत म्हणाली. “फक्त तीन दिवस!”

“दादा...” सोनू एकदम हळू आवाजात बोलली. आणि सोनू हळू बोलली म्हणजे काहीतरी भयंकर घडलेलं असतं. “दिवे विझले.”

तिघंही खिडकीला चिकटले. खरंच की! पेटीतले दिवे गेलेले, इवला पंखा थांबलेला. दुपारी बारा-एकच्या सुमाराला गावातली लाईट रोजच जायची, त्याचं कुणाला काही नव्हतं. पण बॅटरी कुठे गेली?

“परत मेली! लाईट जाऊन एक ताससुद्धा झाला नाही,” समर्थ म्हणाला.

“छत्तीस अंश... पस्तीस...” खिडकीतून थर्मामीटर वाचता वाचता रिद्धी रडवेली झाली.

बाहेर पायरीवर बनूआजी वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत बसली होती. ती लगबगीनं उठली. “रडू नको गो! मी पानी तापवते. बाटल्या आन!”

मग काय विचारता! घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या आल्या. कोमट पाणी भरून, आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्या अंड्यांच्या दोन्ही बाजूंना ठेवल्या. थंड झाल्या की काढायच्या, दुसऱ्या ठेवायच्या. चार वाजता लाईट आली तेव्हा तिघांचे कपडे घामानं चिंब आणि आजीच्या पदराला चुलीची राख लागलेली.

“माज्यामुलं झाला हा सगला,” आजी पुटपुटली. “मी तो पंखा लावला नसता तर बॅटरी उतरली नसती.”

“आजी, पंखा तर काकांनी कालच काढून नेला!” रिद्धी म्हणाली. पण आजीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

झालं होतं ते असं. काका पावसाळ्याआधी शेडचे जुने पत्रे बदलून घेत होते. काम कैलासदादाकडे होतं. कैलासदादा पत्रेही ठोकायचा, वायरिंगही करायचा आणि दोन्ही करताना गाणीही म्हणायचा. गेल्या शुक्रवारी अशाच एका गाण्याच्या भरात सोलरचं पॅनल त्याच्या हातून निसटलं आणि काचेचा चुरा झाला. नवं पॅनल यायला बारा दिवस लागणार होते. तोपर्यंत बॅटरी घरच्या लाईटवर भरायची, म्हणून त्याच दिवशी तो उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारातून एक नवाकोरा चार्जर घेऊन आला. चार्जरवर हिरवा दिवा लागला आणि सगळे खूश झाले. दोन दिवस बरे गेले. रविवारी दुपारी बॅटरीनं पहिल्यांदा मान टाकली.

“लाईट आहे तोवर चार्जर भरतोय, हिरवा दिवा सांगतोय बॅटरी फुल्ल, मग उतरते कशी?” काकांनी विचार केला. आणि त्यांची नजर गेली आजीच्या छोट्या पंख्याकडे. अंड्यांची राखण करत आजी दुपारभर शेडमध्ये बसायची, तेव्हा तो पंखा बॅटरीवर लावायची. काकांनी सोमवारी तो काढून टाकला. “आत्ये, चार दिवस गर्मी सोस,” एवढंच म्हणाले. काका वाईट नव्हते हो, घाईत होते. पण मोठी माणसं घाईत असली की लहानांना आणि म्हाताऱ्यांना बोलणी बसतात, हा अनुभव तुम्हालाही असेलच!

“पंखा काढूनही बॅटरी मेली,” त्या संध्याकाळी रिद्धी म्हणाली. “म्हणजे पंखा निर्दोष! खरा चोर दुसराच आहे. तो आपण शोधायचा.”

“चोर?” सोनूचे डोळे चमकले. “कुठे लपलाय?”

समर्थनं आपली वही काढली. पेटीवर एक बारका मीटर होता, तो बॅटरीचा व्होल्टेज दाखवायचा. समर्थ रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून ठेवायचा. त्याची ही सवय घरात चेष्टेचा विषय होती.

“बघ. पॅनल होतं तेव्हा १३.४. शुक्रवारी चार्जर लावला, १३.३. शनिवारी १३.१. रविवारी सकाळी १२.८.”

“थांब! लाईट होती, चार्जर लावलेला होता, तरी आकडा उतरतच गेला?”

“हो... आणि सोमवारपासून १२.६. लाईट असताना १२.६ वर गोंद लावल्यासारखा चिकटून बसतो. लाईट गेली की तासाभरात खलास.”

“आणि दिवा?”

“हिरवा. कायम हिरवा.”

एवढ्यात सोनूनं भिंतीवरच्या चार्जरला हात लावला. “अय्या, हा गारेगार आहे!”

“मग?”

“मग काय मग! आईचा मोबाईल चार्जिंगला लावला की चार्जर गरम होतो. हा एवढा मोठा, आणि गार? हा काही कामच करत नाहीये! नुसता दिवा लावून बसलाय आळशी!”

समर्थ आणि रिद्धी एकमेकांकडे बघतच राहिले. चोर सापडला होता, तोही आठ वर्षांच्या पोरीला!

आता तो काम का करत नाही ते शोधायचं. समर्थ टॉर्च घेऊन बॅटरीच्या मागे वाकला. तिथल्या कागदावर बारीक अक्षरं होती: लिथियम फॉस्फेट, चार सेल, १२.८ व्होल्ट, शंभर अँपिअर-तास. आणि खाली: भरताना १४.६ व्होल्ट, वीस अँपिअर. कधीही पन्नासच्या वर नको.

“आणि चार्जरवर काय लिहिलंय?”

चार्जरवर काय लिहिलंय ते वाचताच येईना! जिथं कागद चिकटवलेला होता नेमकं तिथंच कुंकवाचं भलंमोठं स्वस्तिक, त्यावर हळदीची पाच बोटं आणि वर सुकलेलं झेंडूचं फूल. आपल्याकडे नवी सायकल असो, मिक्सर असो की ट्रॅक्टर, पूजा झाल्याशिवाय बटण दाबत नाहीत. या चार्जरचीही झाली होती.

“पुसूया,” समर्थ म्हणाला.

“देवाचं पुसायचं?” सोनू दोन पावलं मागे सरकली.

“आपण आजीला विचारू,” रिद्धी म्हणाली. “पूजा तिनंच केली होती.”

आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. “मीच लावला गो तो! यंत्र नवा, त्याला हलद-कुंकू नको? कागदावर कुंकू चांगला धरतो म्हणून तिथंच लावला. वाचायचा व्हता काय तो कागद? मना काय ठावं बाय, मना वाचता येत नाय.”

“आजी, तुला वाचता येत नाही, पण ज्यांना येतं त्यांनी तरी कुठे वाचलं?” रिद्धी पटकन म्हणाली आणि तिनं आजीचा हात घट्ट धरला.

आजीनं चार्जरला नमस्कार केला, पदराचं टोक ओलं केलं आणि हलक्या हातानं कुंकू पुसलं. “अक्षरा बी देवाचीच,” ती म्हणाली. लालसर डागाखालून आकडे वर आले. लिथियम, १२ व्होल्ट. आणि त्याखाली अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत: १२.६ व्होल्ट, ५ अँपिअर. तीन सेलसाठी.

“तीन सेल!” समर्थ ओरडला. “आपली बॅटरी चार सेलची आहे! हा स्पीकर आणि ड्रिल मशीनच्या लिथियमचा चार्जर आहे. दोन्ही बॅटऱ्यांना लिथियमच म्हणतात, दोघांनाही बारा व्होल्टच म्हणतात, पण दोघांची भूक वेगळी!”

“मला कळेल असं सांग,” सोनूनं हुकूम सोडला.

“आपली पाण्याची टाकी गच्चीवर आहे ना? समजा पंपाचा जोर अर्ध्या जिन्यापर्यंतच आहे. पाणी टाकीत जाईल का?”

“नाही.”

“हा पंप १२.६ पर्यंतच ढकलतो. आपली बॅटरी भरायला १४.६ चा जोर पाहिजे. बॅटरी आधीच १३.३ वर होती, म्हणजे याच्यापेक्षा वर. याला वाटलं भरलेलीच आहे, आपल्याला काही काम नाही! लावला हिरवा दिवा. लाईट असेपर्यंत पेटी कशीबशी चालेल एवढीच वीज देतो, बॅटरीत काही साठत नाही.”

तिघं धावत काकांकडे गेले. काका फोनवर होते. “हिरवा दिवा आहे ना? झालं तर मग! कैलास पंधरा वर्षं हेच काम करतोय. तुम्ही परवा शाळेत शिकलात ते त्याला शिकवू नका.” कैलासदादा सामान आवरत होता, तो तर हसायलाच लागला. “अरे, बारा की बॅटरी, बारा का चार्जर. लिथियम को लिथियम. बात खतम!”

“आणि एक सांगून ठेवतो,” काका फोन ठेवत म्हणाले. “शुक्रवारी दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट बंद. दहा ते पाच. मेसेज आलाय.”

शुक्रवार! नेमका पिल्लं निघायचा दिवस! सात तास बाटल्या बदलत बसायचं, तेही पेटी पुन्हा पुन्हा उघडून? पिल्लं बाहेर येत असताना पेटी उघडली तर आतला ओलावा जातो आणि पिल्लू कवचातच अडकून बसतं, हे समर्थनं वाचलेलं होतं. जेवताना सोनूनं आमरसाची दुसरी वाटीही मागितली नाही.

रिद्धीला मात्र अंथरुणावर पडल्या पडल्या एक युक्ती सुचली.

बुधवारी सकाळी तिनं काकांना आणि कैलासदादाला शेडमध्ये बोलावलं. लाईट होती. चार्जरवर हिरवा दिवा झळकत होता. बॅटरीपुढे सोनू गोणपाट पांघरून अगदी साळसूदपणे बसली होती.

“कैलासदादा, एकदाच नीट सांग. हा दिवा हिरवा आहे, म्हणजे काय?”

“म्हणजे बॅटरी फुल्ल!”

“नक्की?”

“अरे, लिहून देतो!”

“काका, तुम्हालाही तसंच वाटतं?”

“हो गं बाई, हो! मला बदलापूरला जायचंय, आटप.”

“सोनू, ऊठ!”

सोनू उठली, गोणपाट बाजूला झालं. चार्जरचे दोन्ही चिमटे बॅटरीपासून लांब, दोन वेगळ्या खिळ्यांना लटकत होते! समर्थनं आधी भिंतीवरचं बटण बंद करून ते काढले होते आणि मग बटण पुन्हा चालू केलं होतं. चार्जरला बॅटरी लावलेलीच नव्हती आणि तरी दिवा हिरवागार!

काका आळीपाळीनं चिमट्यांकडे आणि दिव्याकडे बघू लागले.

“आता सांग ना, कोण फुल्ल झालं?” सोनूनं विचारलं.

कैलासदादानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. “आयला...” एवढंच तो म्हणाला. मग समर्थनं दोन्ही कागदांवरचे आकडे दाखवले, वही दाखवली. काका खाली वाकून वाचत राहिले, आणि वाचता वाचता त्यांचे कान लाल होत गेले.

ते उठले ते थेट आतून छोटा पंखा घेऊन आले. पायरीवर आजी बसली होती. तिच्या पायाशी बसून त्यांनी पंखा घरच्या लाईटवर जोडून दिला. “आत्ये, माझं चुकलं. उगीच तुझ्यावर आळ घेतला.”

“जाऊ दे रं. तू घाई केली एवढाच,” आजी म्हणाली. “आता पोरांचा ऐक.”

मग काय, अर्ध्या तासात कैलासदादाचा टेम्पो उल्हासनगरच्या वाटेला लागला! पुढे कैलासदादा आणि तिघं दाटीवाटीनं बसलेले, रिद्धीच्या मांडीवर पिशवीत गुंडाळलेला तो आळशी चार्जर. मागे पेटीची ऊब सांभाळायला आजी चूल पेटवून कोमट पाण्याच्या बाटल्या बदलत बसली होती. कैलासदादानं अंबरनाथ मागे पडेपर्यंत एकही गाणं म्हटलं नाही. शेवटी समर्थनंच एक सुरू केलं, तेव्हा कुठे तो हसला.

कॅम्प दोनच्या बाजारात दुकानाला दुकान लागून. कैलासदादाचं नेहमीचं दुकान म्हणजे एक अरुंद बोळच, छतापर्यंत खोकी रचलेली. गल्ल्यावरच्या सिंधी शेठनी चार्जर ओळखला. “साईं, तुमने लिथियम बोला, मैंने लिथियम दिया! बारा बोला, बारा दिया!”

“खरं आहे त्यांचं,” कैलासदादा पडेल आवाजात म्हणाला. “मी बॅटरीचा कागद आणलाच नव्हता.”

“कोई बात नहीं, ये लो! सबसे तगडा!” शेठनी एक जाडजूड चार्जर काउंटरवर आपटला. कैलासदादाचा चेहरा उजळला. “हा बघा! हा जोरात भरेल!”

रिद्धीनं आधी कागद वाचला. “२९.२ व्होल्ट. हा चोवीसच्या बॅटरीचा आहे. आपली चार सेलची, हिला आठ सेलचा जोर? नको!”

“मग हा घ्या,” शेठनी दुसरा पुढे केला. “इन्व्हर्टरवाले सगळे हाच नेतात. जुन्या बॅटरीला रिपेअर पण करतो.”

यावर मात्र तिघंही अडखळले. कागदावर १४.४ लिहिलं होतं. जवळपास तर होतं! घ्यावा की नाही? रिद्धीच्या डोळ्यांसमोर ती पेटी आली, खिडकीतून दिसणारी ती शांत अंडी आली. इथं चुकलं तर दुसरी संधी नाही. तिनं मान हलवली. “आम्हाला नक्की माहीत नाही. कुणी सांगेल का?”

आतल्या टेबलावर एक ताई चष्मा लावून तारांना सोल्डरचे डाग देत होती. तिनं मान वर केली. “पहिल्यांदा कोणीतरी असं बोललं या दुकानात! नाहीतर सगळ्यांना सगळंच माहीत असतं.” ही विनिताताई, शेठची मुलगी. ती बाहेर आली. “हा पाण्याच्या बॅटरीचा आहे. ॲसिडवाल्या. रिपेअर करताना मधेच पंधराच्या वर उडी मारतो. त्या बॅटरीला चालतं. लिथियमच्या पोटात एक रखवालदार सर्किट असतं, त्यानं असला झटका बघितला की दरवाजा बंद! तुमची बॅटरी आपोआप कट होणार.”

“म्हणजे पेटीही बंद!” समर्थ म्हणाला.

“पेटीत काय आहे?”

सोनूनं सांगितलं. रानमांजर, काळी कोंबडी, बावीस अंडी, बाविसाव्या नावाचं भांडण, सगळं एका दमात. सांगून झालं तेव्हा विनिताताईनं चष्मा काढून पुसला आणि शेठ गल्ल्यावरून उठून उभे राहिले होते.

“पप्पा, वरचं खोकं काढा. लिथियम फॉस्फेट, चार सेल.” दोन चार्जर आले, दोन्ही १४.६ चे. एक लहान, पाच अँपिअरचा, दुसरा वीसचा.

“लहानच न्या, बॅटरीला त्रास कमी,” कैलासदादा आता फार जपून बोलत होता.

“थांब,” समर्थनं हवेतच बोटानं गणित मांडलं. “बॅटरी शंभरची. पाचनं भरायला वीस तास. त्यात पेटीच दोन खाते, म्हणजे उरले तीन. तेहतीस तास! आणि आपल्याकडे लाईट मधे मधे जाते. शुक्रवार सकाळपर्यंत नाही भरणार.”

“आणि बॅटरीच्या कागदावर वीसच लिहिलंय,” रिद्धी म्हणाली. “वीसचा द्या. पण आधी मोजून दाखवा!”

विनिताताई खळखळून हसली. तिनं चार्जर लावला, मीटरच्या तारा टेकवल्या. पडद्यावर आकडा आला: १४.६. चौघांनी तो आकडा मोठ्यानं वाचला, शेठनीही वाचला. जुना चार्जर परत घ्यायला शेठ आधी नाही म्हणत होते. पण त्याच्यावरचा कुंकवाचा डाग दिसला, तसा त्यांनी चार्जर कपाळाला लावला आणि मुकाट्यानं फळीवर ठेवला.

संध्याकाळी नवा चार्जर बॅटरीला लागला. दिवा पेटला, लाल! सोनूनं हात लावला. “गरम! हा काम करतोय!” तिघांनी एवढा गलका केला की गोठ्यातली म्हैस हंबरायला लागली. यावेळी पूजा झाली ती चार्जरच्या खोक्याची, आणि तीही सोनूनं आजीचा हात धरून दाखवलेल्या जागेवर.

मीटरचा आकडा चढायला लागला, १३.३, १३.४... आजी दर थोड्या वेळानं विचारायची, “आता कती झाला गो?” शेवटी रिद्धीनं तिला आकडेच शिकवायला घेतले. एक कसा उभा, तीनला कशी दोन पोटं, सातची कशी चोच. गुरुवारी सकाळी चार्जरचा दिवा हिरवा झाला, खराखुरा हिरवा. तो आधी पाहिला आजीनं, आणि मीटर वाचून समर्थला उठवायला गेली तीही आजीच. “ऊठ रं! एक, चार, मग टिंब, मग सहा!”

शुक्रवारी दहा वाजता लाईट गेली. तिघांनी श्वास रोखला. पेटीतले दिवे जळत राहिले. अकरा वाजले, बारा वाजले. मीटर १३.२ वर शांत. काकांनी बदलापूरची कामं रद्द केली आणि स्टूल घेऊन येऊन बसले. कैलासदादा पत्र्यावरून दर दहा मिनिटांनी खाली डोकावायचा. “निघालं का? निघालं का?”

साडेबाराला पेटीतून आवाज आला. अगदी बारीक, कवचाच्या आतून. चिव!

“ऐकलंत?” सोनू कुजबुजली. सोनू, आणि आपणहून कुजबुजली!

एका अंड्याला तडा गेला. तड्यातून इवली चोच दिसली. मग थांबली. मग पुन्हा. कितीतरी वेळानं कवच दुभंगलं आणि ओलंचिंब, काळं, लडबडतं पिल्लू बाहेर पडून तसंच निपचित पडलं. रिद्धी काचेला नाक लावून बघू लागली, तेव्हा आजी म्हणाली, “दमला हाय तो. निजू दे.” आणि खरंच, थोड्या वेळानं ते उभं राहायला बघू लागलं. मग दुसरं. तिसरं. साडेचार वाजेपर्यंत सतरा पिल्लं पेटीत एकमेकांवर धडपडत होती आणि आधीची सुकून कापसासारखी फुगली होती. चार अंडी गप्पच राहिली. ती मंगळवारच्या थंडीत गेली असावीत. सोनूनं त्यांच्यासाठी हळूच हात जोडले.

“आज मी एक ठरवलंय,” काका घसा साफ करत म्हणाले. “या घरात यापुढे कुठलंही यंत्र आलं, तर आधी हे तिघं त्यावरचं वाचतील, मग मी बटण दाबीन. पोरांनो, तुम्ही डोळे उघडे ठेवलेत. आम्ही नुसता दिवा बघत राहिलो.”

“आणि मला हाताखाली घ्या,” वरून कैलासदादा ओरडला. “पगार नको!”

सगळे हसले. पण रिद्धी हसली नाही. ती बाविसाव्या अंड्याकडे बघत होती. त्याला दुपारी भोक पडलं होतं, चोच दिसली होती, आणि तेव्हापासून काहीच नव्हतं.

“आजी, आपण थोडं कवच काढूया का? ते अडकलंय.”

“नको बाय. त्याचा त्यालाच निघू दे. आपुन ऊब द्यायची आनि बसायचा.”

म्हणून सगळे बसले. काका, जे कधी दोन मिनिटं एका जागी बसत नाहीत, तेही मांडी घालून जमिनीवर बसले. कैलासदादा शिडीवरून उतरून दाराशी टेकला. चोच हलली, थांबली. रिद्धीनं आजीचा हात धरला तो सोडलाच नाही. मध्येच कधीतरी पाच वाजले, गावातली लाईट आली, पण ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मग अंड्यानं एक गिरकी घेतली, कवचाची टोपी उडाली आणि अठरावं पिल्लू धपकन बाहेर आलं.

“अठरा,” बनूआजी म्हणाली. रानमांजर आलं त्या दिवशीसुद्धा तिच्या डोळ्यांत कुणी पाणी पाहिलं नव्हतं. आता ती पदरात तोंड लपवून लहान मुलीसारखी हमसून रडली. रिद्धीनं तिला दोन्ही हातांनी मिठी मारली. काही वेळानं आजीनं तोंड वर केलं, रिद्धीच्या गालावरून ओला हात फिरवला आणि म्हणाली, “माजी आय असती ना, तर तुना आज मांडीवर घेतला असता.”